परदेशात घरच्यांबरोबर पाहिलेले प्राणी-पक्षी : तुमचे अनुभव लिहा

तांबडी_माती

परवा रविवारी लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅली रोडला चहासाठी गाडी थांबवली. नवऱ्याने वर बोट दाखवलं. विजेच्या तारेवर ओळीने सात-आठ छोटे ससाणे. करडे, पाय नारिंगी-लाल. त्यातला एक सुटला, हवेतच पायात काहीतरी धरलं आणि उडता उडता मान खाली घालून खाऊन टाकलं. मी ओरडलेच, अरे, हे तर आईंचे पक्षी!

आई म्हणजे माझ्या सासूबाई. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही केनियाला गेलो होतो, त्सावो ईस्टच्या जंगलात. आम्ही दोघं, लेक (तेव्हा सहा वर्षांची), धाकटे दीर आणि आई. आई माण तालुक्यातल्या. दुष्काळी मुलुख, बाभळी, शेरडं-मेंढरं हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. सगळे म्हणत होते, त्यांना काय कळणार सफारीतलं. आणि झालं असं की गाडीत सगळ्यांत जास्त त्यांनाच दिसत होतं.

त्सावोची माती लाल. हत्ती ती अंगावर उडवून घेतात, त्यामुळे तिथले हत्ती करडे दिसतच नाहीत. आई म्हणाल्या, "गेरूनं सारवल्यात गं समदे." गेरेनुक नावाचं लांब मानेचं हरीण आहे तिकडे, मागच्या दोन पायांवर उभं राहून काटेरी झाडाचा पाला खातं. आम्ही कॅमेरे काढेपर्यंत आई म्हणतायत, "शेरडू बाभळीला लागलंय बघा."

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर जमिनीतून वाळवीची पाखरं उठली. आईंना ती लगेच ओळखू आली, "मृगाच्या पावसात आपल्याकडं उठत्यात तशीच." आणि दहा मिनिटांत आभाळ या ससाण्यांनी भरलं. किती होते मोजता येणार नाही. पाखरू पायात धरायचं, तोंडाशी न्यायचं, पंख खाली सोडायचे. आम्ही छत उघडून उभे होतो. थर्मासमधला चहा ओतलेला होता, त्यावर ते पारदर्शक पंख येऊन बसत होते. लेक एकेक पंख बोटावर उचलून आजीला दाखवत होती.

ड्रायव्हरदादा म्हणाले, हे सैबेरिया-चीनकडून निघतात आणि तुमच्या देशावरून इथे येतात. मी ते आईंना मराठीत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "समुद्रात बसत्यात कुठं?" मी म्हटलं, बसत नाहीत आई, न थांबता येतात. त्या मग काही बोलल्या नाहीत. उजेड जाईपर्यंत कपाळावर हात धरून वर बघत उभ्या होत्या.

सिंह दोनदा दिसले. त्यातलं आता फारसं आठवत नाही. हे मात्र परवा तारेकडे बघताना जसंच्या तसं समोर आलं.

तुम्हीही लिहा. मोठाच प्राणी हवा असं अजिबात नाही.

केळफूल

किती सुंदर लिहिलंयस! त्या "बसत्यात कुठं"ला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझाही अनुभव आहे, ओमानचा, पण आत्ता कुकर लावलाय आणि मुलगा क्लासहून येईल. रात्री लिहिते.

दुर्बीणवाला

अमूर ससाणा. वजन जेमतेम १५० ग्रॅम, कबुतराहून हलका. नोव्हेंबरात नागालँडमध्ये दोयांग धरणाच्या परिसरात लाखोंनी उतरतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून हजारोंनी मारले जात होते. ते उघड झाल्यावर गावकऱ्यांनी, चर्चने, वनखात्याने मिळून शिकार थांबवली, ती एका वर्षात. २०१३ मध्ये तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली, नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे तिथल्या गावाचं नाव. ज्या गावात जाळी लागत होती त्याच गावाचं नाव घेऊन तो पक्षी आफ्रिकेत गेला.

आणखी एक. आईंच्या प्रश्नाला जोड म्हणून. त्याच सुमारास चतुरसुद्धा भारताकडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात. हो, आपले पिवळसर चतुर, सप्टेंबरात मैदानावर घिरट्या घालणारे. वाटेत ससाणे त्यांना खात असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे शिदोरी बरोबरच उडते.

तांबडी_माती

@दुर्बीणवाला शिदोरीचं हे आईंना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "मंग बरं हाय."

रंकाळ्याकाठी

आमचं अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. जून २०१६. मी तेव्हा डेन्व्हरला होतो, आई-बाबा कोल्हापूरहून आलेले. हेडन व्हॅलीत रस्त्यावर बायसनचा कळप आला आणि चाळीस मिनिटं गाड्या जागेवर. बाबा दाजीपूरच्या बाजूचे, लहानपणापासून गवे बघितलेले. म्हणाले, "आपल्या गव्याचा थोरला भाऊ दिसतोय, फक्त ह्यानं घोंगडं पांघरलंय." खरंच घोंगडंच. जूनमध्ये हिवाळी लोकर गळत असते, खांद्यावरून गठ्ठेच्या गठ्ठे लोंबत होते. एक आमच्या खिडकीजवळून गेला, इतका जवळून की काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली. वासरं एकदम तांबडी, नारिंगीच म्हणा.

बायसनपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचं हा तिथला नियम. पण तो स्वतःच रस्त्याने आला तर गाडीत गप्प बसायचं, एवढंच हातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे लामार व्हॅली. तिथे हौशी लोक मोठ्या दुर्बिणी लावून थंडीत उभे असतात आणि कुणालाही बोलावून दाखवतात. एका म्हाताऱ्या बाईंनी बाबांना खुणेने बोलावलं, दुर्बीण त्यांच्या उंचीला खाली केली. लांब पलीकडच्या उतारावर तीन लांडगे. १९२६ पर्यंत तिथले सगळे लांडगे मारून संपवले होते. १९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले. हे मी बाबांना सांगत होतो, तर ते म्हणाले, "मेंढपाळ काय म्हणाले मग?" पहिला प्रश्न हाच. आमच्या शेतात दर वर्षी धनगर मेंढरं बसवायला यायचे, लांडग्याच्या गोष्टी बाबांनी त्यांच्याकडून ऐकलेल्या. तिथल्या गुरंवाल्यांचा विरोध होता, नुकसानभरपाई, कोर्टकज्जे, सगळं सांगितलं. त्या बाईंना इंग्रजीतून, बाबांना मराठीतून, मी मधे. अर्धा तास गेला.

बाबा २०२१ ला गेले. त्या बाईंचं नावसुद्धा विचारायचं राहिलं माझ्याकडून.

केळफूल

@रंकाळ्याकाठी 🙏

पाऊसवेडी

@रंकाळ्याकाठी किती छान बाबा. आमच्याकडे बेंदराला बैलांच्या पाठीवर झूल घालतात, ते बायसनचं घोंगडं वाचून तेच डोळ्यांपुढे आलं.

मधली_सुट्टी

प्रश्न. केनियाला जायचं चाललंय मे महिन्यात, सासू-सासरे दोघंही साठीच्या पुढे. यलो फीव्हरची लस सगळ्यांना घ्यावीच लागते का? आणि जेवणाचं कसं? सासरे पूर्ण शाकाहारी.

तांबडी_माती

@मधली_सुट्टी केनियातून भारतात परत येताना प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे लागतंच. सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. साठीच्या पुढे डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवायचं. आई तेव्हा ६४ च्या होत्या, त्यांची सगळी औषधं आणि जुने आजार विचारून मग दिली.

जेवणाची काळजी नको. चपाती तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणातली आहे, नावही चपातीच. टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीला कचुंबरी म्हणतात. दुकानाला दुका, गाडीला गारी. आई दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरदादांशी या चार शब्दांवर गप्पा मारत होत्या. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, २०१७ पासून बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात किंवा कापडी पिशवीत.

मधली_सुट्टी

थँक्यू थँक्यू. सासऱ्यांना कचुंबरी वाचून दाखवली, खूश.

वाघोबा_नागपूर

केनियातल्याच मसाई मारा अभयारण्यात आमच्या डोळ्यांसमोर घडलेलं लिहितो, अजून त्रास होतो त्याचा. २०१९ चा ऑगस्ट, मी, बायको आणि दोन पोरं. एक चित्तीण, तिच्याबरोबर तीन मोठी झालेली पिल्लं. ती थॉमसन गॅझेलवर नजर लावून गवतात दबलेली. चित्ता दिवसाढवळ्या शिकार करतो, लपत लपत जवळ पोचता आलं तरच त्याला ती साधते. आमच्या गाडीने लांब उभं राहून इंजिन बंद केलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीच्या तीन गाड्या सरळ मधे. लोक उभे राहून हाका मारतायत. हरणं उधळली. चित्तीण उठली, पिल्लांना घेऊन निघून गेली. सगळ्यांची पोटं आत गेलेली दिसत होती.

तिथे एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. मी मोजल्या, चौदा होत्या. धाकटा विचारत होता, बाबा आता ते काय खातील. काय सांगू त्याला.

ज्यांना जायचं आहे त्यांनी बुकिंग करतानाच विचारा की गर्दी झाली तर तुमचा ड्रायव्हर मागे थांबतो का. आमचा थांबला, त्याला मी परत येताना मिठी मारली.

पाऊसवेडी

वाचून वाईट वाटलं हो. पोरांना दिसतं सगळं.

हूदगाव

सिंगापूर. भाऊ तिथे असतो. आमच्या आजीला घेऊन गेलो होतो, ८१ वर्षांची, देवगडजवळची. उंच इमारती बघून आजी कंटाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी बिशान पार्कात फिरायला नेलं तर पाण्यातून एकामागून एक नऊ पाणमांजरं वर आली. पूर्ण कुटुंब. अंग झाडलं, गवतावर लोळली. एकाने मासा आणला, दोन्ही हातांत धरून डोक्याकडून खायला सुरुवात. कुरूम कुरूम आवाज येत होता, आम्ही पंधरा फुटांवर.

आजी एकदम, "अगो, ह्ये आमच्या व्हाळातले हूद!" तिच्या लहानपणी व्हाळात असायचे म्हणे, सकाळी पाणी आणायला गेलं की दिसायचे. तीच जात आहे ती, मी नंतर शोधलं. सिंगापुरात नद्या घाण झाल्यावर नाहीशी झाली होती, नद्या साफ केल्यावर परत आली. आता शहराच्या मधोमध फिरतात, रस्ता ओलांडताना गाड्या थांबवतात त्यांच्यासाठी, लोकांच्या हौदातले महागडे मासेही खातात.

आजी रोज सकाळी साडेसहाला तयार. आठ दिवसांत पाच वेळा दिसली. बाकीचं सिंगापूर आम्ही पाहिलं, आजीने हूद पाहिले.

दुर्बीणवाला

वा! तिलारीच्या बाजूला अजूनही आहेत पाणमांजरं. आजींना सांगा.

हूदगाव

@दुर्बीणवाला सांगते! खूश होईल.

चहाबाज

दुर्बीण कुठली घ्यावी हो? दर ट्रिपला ठरवतो आणि राहतं.

दुर्बीणवाला

८×४२ घ्या. आठपट मोठं दिसतं, पुढची काच ४२ मिलिमीटर, त्यामुळे पहाटे-संध्याकाळी उजेड पुरतो. १० पट घेतली तर हात जरा हलला तरी चित्र हलतं, घरातल्या वडीलधाऱ्यांना तर फारच. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबर आत फिरवून चष्म्यावरूनच बघायचं. आणि घरात एकच असली तर भांडणं होतात, जमलं तर दोन घ्या.

चहाबाज

भांडणाचं अगदी खरं 😄

केळफूल

आले. भांडी झाली एकदाची.

तर ओमान. आम्ही मस्कतला अकरा वर्षं होतो. रास अल जिंझ म्हणून किनारा आहे, तिथे हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. रात्री नऊनंतर वाटाड्या छोट्या गटाला घेऊन जातो. टॉर्च त्याच्याच हातात, फ्लॅश बंद. माझी आई आणि सहा महिन्यांची गरोदर बहीण बरोबर होत्या. चांदणं होतं. वाळूत चालताना वाटाड्याने हात वर केला, सगळे थांबलो. समोर खड्ड्यात ती. शंभर किलोच्या वर असेल, पाठीवर शेवाळ. मागच्या पायाने अंडी झाकत होती, आणि मग पुढच्या वल्ह्यांनी वाळू मागे उडवायला लागली. ती वाळू बहिणीच्या तोंडावर आली. ती हलली नाही, पुसलीही नाही.

कासवाच्या डोळ्यांतून घट्ट पाणी वाहत होतं. आई हळूच म्हणाली, दमलीय गं बिचारी. वाटाड्याने सांगितलं की समुद्राचं जादाचं मीठ त्या वाटेने बाहेर पडतं. आईने ऐकलं, मान डोलावली आणि परत म्हणाली, दमलीयच पण ती.

परत पाण्याकडे जाताना ती दर चार पावलांना थांबत होती. मोठा सुस्कारा टाकायची, माणसासारखा. आम्ही सगळे तेवढा वेळ थांबायचो. पाण्यात शिरेपर्यंत पाऊण तास. भाची आता नऊ वर्षांची आहे आणि "पोटात होतीस तेव्हाच तुला कासव दाखवलं" असं तिची आई तिला सांगते.

कासवगल्ली

@केळफूल सुस्कारा अगदी बरोबर. मी कोकणातल्या वेळासचा. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले येते, तुमच्या हिरव्या कासवाहून बरीच लहान, ४०-४५ किलोची. पूर्वी घरटी लुटली जायची, अंडी खायचे लोक. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षण सुरू केलं, आता गावच राखतं. अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. २०२२ मध्ये 'प्रथमा' नावाच्या कासवाला वेळासच्या किनाऱ्यावर उपग्रह यंत्र लावलं. सोडलं तेव्हा मी तिथे होतो.

वाळूचा उबारा जास्त असेल तर माद्या जास्त निघतात, हे शहरातल्या पाहुण्यांना खरं वाटत नाही.

मार्चमध्ये या सगळे. आमच्या आईच्या हातचे उकडीचे मोदक मिळतील.

पाऊसवेडी

मोदक ऐकून मार्च पक्का.

केळफूल

@कासवगल्ली खरंच येणार. भाचीला घेऊन.

निळाई

श्रीलंका, मिरिसा. फेब्रुवारी. निळा देवमासा बघायला बोटीने. पहाटे साडेसहाला निघालो, अर्ध्या तासात बोट हलायला लागली आणि निम्मी बोट आडवी. माझ्या जाऊबाईंनी आलेपाक आणला होता, तो अनोळखी लोकांनाही वाटला. दोन तासांनी पाण्याचा फवारा दिसला, एखाद्या तीन मजली इमारतीएवढा उंच. मग पाठ वर आली, आणि येतच राहिली, संपेचना. पाण्याखाली त्याचा रंग मोरपिशी दिसतो, वर आल्यावर करडा. शेवटी शेपटी.

आणि माझी सात वर्षांची लेक, जी या ट्रिपसाठी वर्षभर देवमाशांची चित्रं काढत होती, ती उलटीच्या गोळीने गाढ झोपली होती. हलवलं, उठवलं, डोळे उघडेनात. देवमासा गेला. ती उठल्यावर इतकी रडली की बोटीवरचा खलाशी येऊन शेजारी बसला. त्याच भागातून मोठ्या जहाजांचा मार्ग जातो, लांबवर कंटेनरची जहाजं दिसत होती. त्याने तिला जहाज दाखवलं आणि सांगितलं, तो याच्याएवढ्यांना चुकवत जगतो, परत येशील तेव्हा असेल. अजून जाणं झालं नाहीये.

तांबडी_माती

अरेरे, बाळ गं! सोबत नक्की जा परत.

रंकाळ्याकाठी

गोळी रात्रीच अर्धी द्यायला सांगतात काही डॉक्टर, आधी विचारून ठेवा पुढच्या वेळी. आणि बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसवा, तिथे कमी हलतं.

चहाबाज

न्यूझीलंडला होमर बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो होतो. केआ नावाचे हिरवे पोपट आले, डोंगरात बर्फात राहणारे, पंखाखाली केशरी. एक बोनेटवर, एक वायपरवर. वायपरचं रबर पद्धतशीर सोलून काढलं, दुसऱ्याने धरून ठेवलं. मुलं हसून हसून सीटखाली. भाड्याच्या गाडीचं रबर होतं, भरून दिलं, त्याचं काही वाटलं नाही.

घाईत_आहे

फिलिप आयलंड, मेलबर्नजवळ. अंधार पडल्यावर छोटे पेंग्विन समुद्रातून थव्याने बाहेर येतात, एक फूटभर उंचीचे. फोटो काढायला बंदी आहे तिथे. त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक जण ते वेगळं सांगतो. सासरे म्हणतात चाळीस होते, मुलगी म्हणते दोनशे. थांब्यावर आहे, बस आली.

मधली_सुट्टी

त्सावो की मारा, मे महिन्यात काय बरं? सगळे सांगा ना.

वाघोबा_नागपूर

@मधली_सुट्टी मेमध्ये तिकडचा लांब पाऊस संपत आलेला असतो. गवत उंच, प्राणी शोधायला वेळ लागतो, पण गर्दी कमी. वडीलधारे आहेत तर मला गर्दी कमी हेच महत्त्वाचं वाटतं. रस्ते चिखलाचे असतील, गाडी चांगली घ्या.

तांबडी_माती

@मधली_सुट्टी मेमध्ये ससाणे मात्र नसतील, ते तोवर उत्तरेकडे परत गेलेले असतात.

काल आईंना सगळे अनुभव वाचून दाखवले, व्हिडिओ कॉलवर. तासभर लागला. कासवाजवळ थांबवलं, तो सुस्कारा परत वाचायला लावला. मग म्हणाल्या, त्या लोणावळ्याच्या तारा मला दाखव. शनिवारी त्यांना आणतोय पुण्याला.

दुर्बीणवाला

@तांबडी_माती लवकर या. ते इथे फार दिवस थांबत नाहीत. सकाळी आठच्या आत जा, ऊन चढलं की उंच जातात. तारा आणि वाळलेल्या झाडांचे शेंडे, दोन्ही बघा. मीही शनिवारी त्याच बाजूला आहे, दुर्बीण तिकाटण्यावर लावलेली असेल. आईंच्या उंचीला खाली करून देतो.

रंकाळ्याकाठी

@दुर्बीणवाला 🙏

तांबडी_माती

नक्की! चहा आमच्याकडून. साडेसातला पोचतो.